रापणीच्या दोरीला हात

जेवण झालं की पुळणीच्या वाळूवर फेरी मारून येतो म्हणता? बसा. चपला काढा आणि बसा. लाईट तशीही गेलीय, ती काही तासभर यायची नाही. फिरायचंच असेल तर अंगणात फिरा, रस्त्यावर फिरा, देवळापर्यंत जा. पण त्या सुरूच्या झाडांमागून टेकाडाकडे जी वाळूची वाट जाते ना, तिकडे दिवेलागणीनंतर नाही. का म्हणून विचारताय? मग ऐका. तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. आमची मालवणी तुम्हाला निम्मी कळेल आणि निम्म्याला तुम्ही उगाच हसाल.

आणि एक आधीच विचारते. तुम्ही मासे खायला आलात, असं सांगितलंत. बरं. मग सकाळी माझ्या सुनेला तलाठ्याचं घर कुठे म्हणून कशाला विचारत होतात? मासे काय तलाठी तळतो? असू दे, असू दे. मी आपली विचारते. माणसावर पटकन विश्वास ठेवायची सवय माझी गेली, त्याचीच ही गोष्ट.

तर ऐका. अकरा वर्षं झाली. ती सुरूमागची वाळूची पट्टी तुम्ही बघितलीत. तिथे आमची रापण लागते. रापण म्हणजे काय, तर होडीतून मोठं जाळं समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर उभं राहून ओढायच्या. चाळीस माणसं लागतात, पन्नास लागतात. आणि आमचा नियम ऐका हं. जो दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा. पाहुणा असो, परक्या गावचा असो, वाटसरू असो. हात लावला की वाटा. पण हात लावला की जाळं वर येईस्तोवर दोरी सोडायची नाही. मध्येच जायचंच झालं तर आपला वाटा तिथेच ठेवून जायचं, तसं तोंडाने बोलायचं आणि मगच हात काढायचा. आजही असंच आहे.

त्या पट्टीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं. त्यातलं एक माझं. आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या जागी माझं लागलं. रापणीचीच होडी होती. नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्रात उतरू नये म्हणतात, तरी उतरले. सहा जण गेले. दोघांची प्रेतं मिळाली, चौघांची नाही. आमचे हे त्या चौघांतले.

आणि वर्षभरात एक साहेब आला. पांढरी गाडी, पांढरे बूट. वाळूत पांढरे बूट! तेव्हाच मला संशय यायला हवा होता. म्हणाला, इथे मोठं हॉटेल होणार, विमानतळ होतोय, जमिनीला सोन्याचा भाव येणार, तुमच्या मुलांना इथेच नोकऱ्या. कसल्या नोकऱ्या? आपल्याच वाळूवर दुसऱ्यांच्या खुर्च्या पुसायच्या! पण हे मला आज सुचतंय. तेव्हा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे स्लॅबची घरं नाचत होती. माझ्यासुद्धा. खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा दीर, लवू, त्या साहेबाच्या फार मर्जीतला. हॉटेलच्या दाराशी तुला दुकान देतो, असं त्याला कबूल केलेलं. मग काय! लवू जमीन विकायच्या संमतीचा कागद घेऊन घरोघर फिरला. अकराच्या अकरा सह्या लागणार होत्या, दहा जणांच्या सह्या-अंगठे झाले. त्याची स्वतःची सही तेवढी राहिली होती, ती तो साहेबासमोर करणार होता. मोठेपणा मिरवायला, दुसरं काय?

साहेब टेकाडापलीकडच्या लॉजवर उतरलेला. सकाळीच मुंबईला निघणार. आणि लवूची मोटरसायकल नेमकी त्या दिवशी पंक्चर. डांबरी रस्त्याने गेलं तर सहा मैलांचा वळसा. पुळणीने अर्धा तास. लवू निघाला तेव्हा सात वाजून गेले होते, अमावस्या होती आणि भरती लागली होती.

मी म्हटलं, "लवू, आज जाव नको. अवस आसा."

म्हणाला, "वयनी, सायब सकाळी चललो. आज कागद पोचूक व्हयो. जेवूक वाढून ठेव, मी येतंय."

कागद शर्टाच्या आत, छातीशी. आणि गेला.

आता पुढचं लवूने सांगितलेलं सांगते. मी काही तिथे नव्हते.

सुरूची झाडं संपली तसा त्याला पुढे एक कंदील दिसला. कुणीतरी चाललंय, पाठ तेवढी दिसतेय. लवूला बरं वाटलं, चला, सोबत झाली. हाक मारली, "कोण ता?" तो भरभर चालला की कंदील भरभर. तो थांबला की कंदील थांबे. मग त्याने वाळूकडे बघितलं. हातातल्या बॅटरीने बघितलं. त्याच्या स्वतःच्या पावलांशिवाय वाळूवर एक पाऊल नाही!

परत फिरायचं ना तिथूनच? पण नाही. दुकान दिसत होतं ना डोळ्यांपुढे!

पुढे एक पालथी होडी लागली. ती ओलांडून गेला. चालला, चालला, चालला. परत पालथी होडी. म्हणाला, दुसरी असेल. चालला, चालला. परत तीच! तेच फुटकं वल्हं तिला टेकवून ठेवलेलं. चकवा लागला, बाबांनो. माणूस सरळ चालतो आणि जागच्या जागी फिरतो. लवूने चप्पल काढून उलटी घातली, चकव्याला तसं करतात. तेवढ्यात कंदील विझला आणि हाक आली.

"लवू!"

आमच्यात रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्या हाकेलाही नाही. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही, असं म्हणतात. लवू गप्प राहिला. दुसरी हाक आली. गप्प. आणि मग तिसरी आली! स्वच्छ, ओळखीच्या आवाजात. तिसरी आली म्हणजे माणूसच, असं त्याने धरलं. मी सांगते, भुतंसुद्धा आता शिकलीयत. नियमांवर एवढं विसंबून राहू नये.

आवाजाकडे गेला तर काय? रापण चाललीय! अंधारात पाच-सहा माणसं दोरी ओढतायत. हैसा रे, हैसा. अमावस्येच्या रात्री रापण कोण ओढतो? पण विचार करायला सवड कुठली! एक जण म्हणाला, "दोरी धर रे, एक हात कमी पडता. वाटो गावतलो." आणि लवूने धरली. जन्मापासून धरत आलेला माणूस तो. दोरी दिसली की आमचा हात आपोआप जातो. तिथेच चुकला.

ओढतोय, ओढतोय. जाळं जड. गार पाणी घोट्याला लागलं. भरती आहे, म्हणाला. गुडघ्याला लागलं. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण दोरी ओढताना मागे मागे जातो ना, किनाऱ्याकडे? इथे सगळ्यांची पाठ समुद्राकडे होती! ते पाण्यात उभे राहून किनाऱ्यावरचं जाळं समुद्रात ओढत होते. दोरीचं दुसरं टोक वर, आमच्या वाडीकडे गेलेलं. आणि जाळ्यात काय होतं, देव जाणे.

सोडायला गेला. हात सुटेना! पाणी कमरेला आलं.

पुढचा माणूस वळला नाही. तसाच म्हणाला, "छातीशी काय आसा?"

"कागद."

"कसलो?"

"जमनीचो. पुळण सायबाक देवची आसा."

"कोणी कोणी अंगठे दिले?"

लवू सांगायला लागला. दात वाजतायत, पाणी छातीला आलंय, कागद भिजतोय, आणि तो एकेक नाव सांगतोय. प्रत्येक नावाला ती माणसं नुसतं "हूं" म्हणायची. त्यांचीच माणसं ना ती सगळी. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. मग लवूने माझं नाव घेतलं.

त्याला "हूं" आलं नाही. सगळ्यात शेवटी, खोल पाण्यात जो उभा होता तो बोलला. लवू म्हणतो, दादाचाच आवाज. माझ्या नवऱ्याचा.

"शेवंतीन पन दिल्यान?"

एवढंच. रागाने नाही हो. कुणी जेवायला थांबलं नाही तर विचारतात ना, तसं.

लवू ढसाढसा रडायला लागला. पाणी हनुवटीला. मग तोच आवाज म्हणाला, "लवू, वाटो ठेव आणि घराक जा." तेव्हा त्याला नियम आठवला. ओरडला, "माझो वाटो तुमचो! पुळणीतलो माझो सगळो वाटो तुमचो!" हात सुटला. लाट आली आणि त्याला वाळूवर फेकून गेली. कागद गेला. एक चप्पल गेली.

दारात आला तेव्हा मी आधी तोंड हुंगलं त्याचं. तुम्हालाही तोच संशय आला ना? दारूचा वास नव्हता. मग म्हटलं, कागद कुठेतरी हरवला आणि आता सोंग करतोय. पण त्याचे तळहात बघितले. दोन्ही सोललेले, दोरीने सोलतात तसे. आणि मी अंगठा दिला हे आमच्या ह्यांना कळलं, असं ऐकल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही.

साहेब दोन महिन्यांनी नवा कागद घेऊन आला. लवू म्हणाला, माझा वाटा माझा नाही, ज्यांचा आहे त्यांची सही आणा. त्यानंतर आणखी चार साहेब आले. कुणी मासे खायला आले, कुणी सूर्यास्त बघायला. लवूचं उत्तर तेच. लोक म्हणतात, लवूला वेड लागलं. काही म्हणतात, या म्हातारीने जमिनीची गिऱ्हाईकं पळवून लावायला गोष्ट रचली. म्हणू देत.

तुम्हाला सांगायचं ते सांगितलं. त्या वाटेने रात्री जाऊ नका. कुणी बोलावलं तरी नाही, तिसऱ्यांदा बोलावलं तरी नाही, आणि दोरीला हात तर अजिबात लावू नका.

मीही जात नाही. दिवसा रापण लागली की जाते, दोरी ओढते, वाटा घेते, आणि ऊन कलायच्या आत घरी येते. पाण्याची भीती नाही मला, भुताची तर नाहीच. नवऱ्याला कोण भितं? पण त्याने मला समोर विचारलं तर? अकरा वर्षं मी त्याच्यासाठी उत्तर शोधतेय आणि मला ते अजून सापडलेलं नाही.