डोळे मिटून चालायचा तास

शाळेचे सन्माननीय अध्यक्ष कृष्णराव, प्रमुख पाहुण्या मंदाताई, ज्यांच्या शालीची घडी अजून मोडलेली नाही त्या आपल्या सत्कारमूर्ती सीमंतिनीबाई, शाळेतील शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, आणि ग्वाल्हेरात माधवगंजपासून दर्पण कॉलनीपर्यंत जिथून जिथून आलात त्या सर्व बंधू-भगिनींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. बाईंचा विद्यार्थी थोडक्यात बोलेल, असा विश्वास ज्यांनी दाखवला त्यांचे आभार आधीच मानून घेतो.

एक विनंती आहे. डोळे मिटा. मंदाताई, आपणही.

माधवगंजातल्या आपल्या घराचं दार ओढून घ्या आणि निघा. हलवायाच्या कढईत कचोऱ्या फुगताहेत. देवळातली घंटा कुणीतरी वाजवतंय. ओट्यावरच्या काकू विचारतात, "कहाँ चले भैया?" जयेंद्रगंज आलं, शाळेचं फाटक आलं. आता परत फिरा. घंटा ऐकू येत नाही. देऊळ होतं तिथे झाडं आहेत, ओळीनं लावलेली, कोवळी. गल्लीची पाटी वेगळ्या लिपीत आहे. कोपऱ्यावरचा शिपाई विचारतो, "इथे काय काम?" तुम्ही बोट दाखवता, माझं घर. तो म्हणतो, इथे घर कधी नव्हतंच.

नववीच्या वर्गात, वर्षातून एकदा, शेवटच्या तासाला बाई आम्हाला असं चालवत न्यायच्या. मग फळ्यावर लिहायच्या: पॅलेस्टाईन, १९४८. सात लाखांहून अधिक माणसं घरांबाहेर पडली. काहींना हाकललं, काही जिवाच्या भीतीनं पळाली, आणि परत जवळजवळ कुणालाच येऊ दिलं नाही. चारशेंहून अधिक गावं ओस पडली. त्यातल्या कितीतरी गावांच्या जागी खरोखरच झाडं लावली गेली. तिथले लोक त्या वर्षाला नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट.

आमच्या वर्गात मोहित होता. अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी. त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "पण बाई, मग मेरे घर में अब रहता कौन है?"

"कदाचित असा माणूस," बाई म्हणाल्या, "ज्याचं युरोपातलं घर जाळलं, ज्याचे आईबाप छळछावणीत मारले. त्याचंही दुःख खरं आहे, मोहित. ते मी पुढच्या आठवड्यात शिकवणार आहे, तेव्हा दांडी मारू नकोस. पण त्याच्या दुःखानं तुझं घर त्याचं होत नाही."

मी पुढे पुष्कळ वाचलं, पुष्कळ भांडलो. याहून सरळ उत्तर मला सापडलेलं नाही.

आता अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून त्यांचीच गोष्ट सांगतो. त्यांची नात हर्षिता, आज बाईंच्या जागी इतिहास शिकवणारी, समोर पहिल्या रांगेत बसली आहे. नववीत असताना तिनं घरी जाऊन विचारलं, "आबा, आपल्या मूळ गावी आपल्याला जाऊ देतात का?" आपल्याकडे सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न मूळ गावाचा. सात पिढ्या ग्वाल्हेरात काढल्या तरी आपण ताठ मानेनं सातारा जिल्ह्यातलं नाव सांगतो. कृष्णरावही सांगत. गेले मात्र कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. "बाई, हे परीक्षेत येतं का?"

"नाही."

"मग पोरांच्या डोक्याला ताप कशाला?"

"आज ब तुकडीचा तास आहे. मागच्या बाकावर बसा."

ते बसले. त्यांनी डोळे मिटले. घंटा झाली, पोरं उठली, तरी हे तसेच. कुणीतरी कुजबुजलं, "सो गए क्या?" मग कृष्णराव म्हणाले, "बाई, मी गावापर्यंत पोचलो, पण आपलं घर कोणतं ते कळेना. मला रस्ताच माहीत नाही."

बाई म्हणाल्या, "माहीत नाही, पण बंद तरी नाही. पॅलेस्टाईनच्या त्या माणसांना रस्ता माहीत आहे, विहिरीजवळचं वळणसुद्धा. पण तो बंद आहे. आणि हेही लक्षात ठेवा, आपण दख्खनमधून फौजेबरोबर घोड्यांवर बसून आलो. कुणी हाकललं नव्हतं. आपण आलो तेव्हा इथे कुणाला सरकावं लागलं, तेही एकदा विचारा."

त्या मे महिन्यात कृष्णराव साताऱ्याला जाऊन आले.

सत्काराच्या दिवशी कटू बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. येत्या वर्षाच्या वेळापत्रकात हा तास नाही. तिथे संगणकाची उजळणी आहे. कारण विचारलं तर सांगतात, विषय दूरचा आहे, वाद होतात. दूरचा? आज गाझात तंबूंमध्ये राहणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या १९४८ च्या माणसांची मुलं-नातवंडं आहेत. तिथे गाव पुसलं गेलं, ते आपल्या हातात नव्हतं. इथे तास पुसला जातोय, तो आपल्या सहीनं. शाल देऊन आपण बाईंना निरोप देऊ शकतो. त्यांनी जपलेल्या त्या गावांना निरोप द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हर्षिता शिकवायला तयार आहे. सही अध्यक्षांची लागते. म्हणून सर्वांसमक्ष विचारतो, कृष्णराव, तो तास राहील का?

अध्यक्ष काहीतरी म्हणताहेत. जरा माईक सरकवा त्यांच्याकडे.

ऐकलंत? मागच्यांसाठी पुन्हा सांगतो. ते म्हणाले, "राहील. शेवटचाच ठेवा. जेवणाच्या सुट्टीनंतर नको, पोरं खरंच झोपतात."

हसा, पण ते शेवटचाच का म्हणाले, हे त्या बाकावर बसलेल्यालाच कळेल.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ अंधारात चाललेल्या आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आवाज चढला असेल, चहा निवला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आता डोळे उघडा. घंटा झाली की बाई खडू ठेवून दर वर्षी एकच वाक्य बोलायच्या. तेच बोलून खाली बसतो.

"चला, घरी जा. तुम्हाला जाता येतं."