गाणी कुणाच्या कानात

गॅरेजच्या बाकावर टायर बदलून मिळायची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेला उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. शेजारी एक बाई मान खाली घालून विणत होत्या. बाहेर, कानात श्रवणयंत्र लावलेले एक काका सर्व्हिसिंगला आणलेल्या आपल्या गाडीपाशी मेकॅनिकशी बोलत होते.

“काका, स्कॅनर म्हणतोय, रेडिओ विचारतोय आणि अॅम्प्लिफायर उत्तरच देत नाही. स्पीकर मुके झालेत.”

“मुके कसे? मी रोज गाणी ऐकतो की.”

“अॅम्प्लिफायर सीटखाली असतो. तिथं काय कोंबलंय?”

“छत्री. झाले तीन महिने.”

“तिनंच अॅम्प्लिफायरचा प्लग उपटलाय. तेव्हापासून गाडीत आवाज नाही.”

“मग मला काय भास होतात?”

“कानातलं यंत्र कधीचं?”

“तेही तेव्हाचंच. सुनेनं फोनला जोडून दिलंय.”

“मग गाणी फोनमधून थेट तुमच्या कानात.”

“म्हणजे मैफल माझ्या एकट्याची. वर मी शहाणा स्टेअरिंगवर ताल धरायचो.”

“शेजारी कुणी बसायचं नाही?”

“बायको. म्हणायची, काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, वय झालं तुझं. नेलं कान तपासायला.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“कान उत्तम आहेत म्हणाले. मी डॉक्टर बदलला. आज तिसऱ्याकडे न्यायचंय.”

“मग आता?”

“तू गुपचूप प्लग लाव. मी तिला सांगतो, तुझे कान सुधारले. आणि हळू बोल, ती आतच बसलीये.”

शिक्षिकेनं शेजारी पाहिलं. बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

“ऐकू आलं हो,” त्या खिडकीकडे न बघताच म्हणाल्या.