सख्ख्या भावाचं मत

बंडू : तसं नाही गं आई. राष्ट्राध्यक्षांनी ताईचं नाव नुसतं सुचवलंय. सर्वोच्च न्यायालयावर ती बसणार की नाही, हे उद्या आमचं वरिष्ठ सभागृह ठरवणार. एकेका मतावर अडलंय घोडं. म्हणजे माझ्यावरच म्हण.

आई : तुझ्यावर? तुझा शर्ट अजून बायको निवडते.

बंडू : मला अख्ख्या राज्याने निवडून दिलंय.

ताई : दिलंय की नाही, त्यावर खटला चालू आहे.

आई : आणि त्या अध्यक्षाला कोणी निवडलं?

बंडू : लोकांनीच. म्हणजे लोकांनी निवडणारे निवडले आणि त्या निवडणाऱ्यांनी अध्यक्ष निवडला.

आई : अगं बाई! मी दुखरे गुडघे घेऊन शाळेच्या आवारात रांगेत ताटकळले, ती मध्यस्थ ठरवायला?

बंडू : राज्यघटनाच तशी आहे. न्यायाधीशांना तर तेवढंही नाही. अध्यक्ष नाव देतात, आम्ही होकार देतो आणि एकदा बसली की जन्मभर. कोणी हलवू शकत नाही.

आई : माझ्या सासूबाईंसारखं. त्यांनाही मी मत दिलं नव्हतं.

बंडू : ताई, आडपडदा न ठेवता विचारतो. माझ्या निवडणुकीचा खटला शेवटी तुमच्याकडेच येणार. त्या नदीपलीकडच्या मतपेट्या बाद धरल्या म्हणून मी निवडून आलो, त्या परत मोजायला तर नाही ना लावणार?

ताई : खटल्याबद्दल मी बोलत नाही.

बंडू : अगं, स्वयंपाकघरात बसलोय आपण!

ताई : स्वयंपाकघरातही नाही.

बंडू : नुसती मान हलव.

ताई : मान आखडली आहे.

बंडू : मग माझाही नाइलाज आहे. विरोधात मत द्यायचा पक्षाचा आदेश आलाच आहे.

आई : सख्ख्या बहिणीविरुद्ध? अशा वेळी बाजूला बसायचा काही नियम नाही तुमच्यात?

बंडू : नियम आम्हीच करतो, आई.

आई : म्हणूनच विचारलं.

ताई : राहू दे गं. आयुष्य कोर्टात झिजवलं, आणि माझी लायकी ठरवणार कोण, तर हा. पत्त्यांत हरायला लागला की अंगावर पाणी सांडून घेऊन रडायचा.

बंडू : हसा. उद्या बघू.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तेच स्वयंपाकघर. बंडू दारात, हातात फुलं.)

आई : ही फुलं पक्षाच्या आदेशाने आली का?

बंडू : अभिनंदन, ताई.

ताई : मत विरोधातच दिलंस ना?

बंडू : दिलं. पण मतं समसमान पडली. अशा वेळी निर्णायक मत राष्ट्राच्या उपाध्यक्षांचं, ते त्यांनी तुझ्या पारड्यात टाकलं.

आई : आता याला कोणी निवडलं?

बंडू : तो अध्यक्षाबरोबरच येतो.

आई : एकावर एक फुकट! तरी वेळेला तोच उपयोगी पडला. पोटचा नाही.

बंडू : ताई, एकच विनंती. माझ्या खटल्यात याचा राग काढू नकोस.

ताई : त्या खटल्याला मी बसणारच नाही.

बंडू : म्हणजे?

ताई : म्हणजे काय? पक्षकार माझा सख्खा भाऊ. मी कशी ऐकणार? बाकीचे न्यायाधीश ऐकतील. शाळेतल्या पोरालाही कळेल हे.

बंडू : मग काल का नाही बोललीस? सख्ख्या बहिणीविरुद्ध मत दिलं मी! सगळं सभागृह माझ्याकडेच बघत होतं.

ताई : काल खासदाराच्या थाटात सौदा करायला आला होतास. भाऊ म्हणून विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

बंडू : बरं, चुकलं. आज भाऊच आलाय.

ताई : भाऊ असता तर एव्हाना आत येऊन बसला असता.