न्हाणीतला दगड

नाही नाही, भिंत पाडायचीच नाही मुळी, कोणी सांगितलं तुला भिंत पाड म्हणून? यांनी? तरीच! कचेरीत बसून बसून यांना वाटतं, घरातही हुकूम सुटला की काम झालं. पुंजा, तू माझं ऐक. हे न्हाणीत दिवसातून एकदा येतात, तेही ‘पंचा कुठे आहे’ म्हणून ओरडायला – बाकी इथे राज्य माझं. ये आत, वाकून ये, चौकट लागेल – लागली? लागू दे, सगळ्यांनाच लागते, मामंजी बुटके होते ना, त्यांनी घर स्वतःच्या मापाने बांधलं.

तर बघ. ही चूल अशी नको, धूर सगळा न्हाणाऱ्याच्या डोळ्यांत. ती त्या कोपऱ्यात घे, वर धुराला एक भोक ठेव. इथे एक कोनाडा – शिकेकाईची वाटी आणि पणती मावेल एवढाच, देवघर नको करूस त्याचं. हसतोस काय? मागे एक सुतार आला होता, त्याला खुंटी मार म्हटलं तर त्याने मोर कोरून दिला. बरं, मोरीला उतार नीट दे, पाणी सगळं केळीपर्यंत गेलं पाहिजे. आणि इथे, कमरेएवढ्या उंचीवर, एक आडवं सागाचं लाकूड भिंतीत पक्कं बसव. कशाला म्हणजे? धरायला. धरून उठायला, धरून बसायला. पोटुशी बाई काय झाडाची फांदी धरणार?

हो, माझी कमू. मोखाड्याला दिलीय. सातवा लागला की शिमग्याच्या आत छकडा जाईल तिला आणायला – म्हणजे, विहीणबाईंनी पाठवली तर. त्यांचं म्हणणं, न्हाणी नीट झाली असं डोळ्यांनी पाहून कोणी सांगितलं, की मगच. बोलतात हळू, पण ऐकणाऱ्याला पुरतं. मी तरी काय बोलणार? मागच्या खेपेला इथेच... हाच दगड. मामंजींनी तुमच्याच जामसरच्या डोंगरावरून गाडीत घालून आणला, घर बांधलं तेव्हा, चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षं त्यावर पाणी ओततोय आम्ही, गुळगुळीत होणार नाही तर काय! पाचव्या महिन्यात पाय घसरला पोरीचा. गेलं. मुलगा होता.

असो. मी म्हटलं, हा दगडच फेकून द्या. हे म्हणतात, उलटा घाल, खालची बाजू खरखरीत असेल. मलाही पटलं. उलटा कर आणि जात्याला लावतोस तशी छिन्नीने टाकी लाव, पाऊल चिकटून राहिलं पाहिजे. घाल पहार तिकडून. नवस म्हणशील तर मी सगळीकडे बोलून ठेवलेत – देवीला ओटी, महादेवाला सोळा सोमवार, मारुतीला तेल, शिवाय कमू सुटेपर्यंत मी अंगावर ऊन पाणी घेत नाही. हो, या थंडीतसुद्धा! हे म्हणतात, देवाला तुझ्या हुडहुडीचं काय करायचंय. मी म्हणते, काही तरी करत असेल. तेव्हाही नवसच होता. पाच मंगळवार, उजाडायच्या आत, लेकीला तेल लावून न्हाऊ घालायचं आणि देवीची ओटी भरायची. चौथा मंगळवार. उजाडायला आलेलं, फुलं आणायची राहिलेली – तेलाची वाटी कलंडली हातातून, इथेच, दगडावर. म्हटलं, आल्यावर राख टाकते. आणि पळाले फुलांना... सांभाळ, बोट चेपेल! मी काय सांगत होते? काही नाही. उचल तू.

हां, आला. अजून थोडा. भिंतीला टेकव, टेकव. किती माती ती! थांब, तांब्याभर पाणी ओतते – हे काय रे? रेघा आहेत. आधीच कोणी टाकी लावलीय की काय? हा सूर्य... हा चंद्र. आणि हे शेपूट... पुंजा? अरे, मुंडासं का काढलंस? ऊठ, चिखलात काय डोकं टेकतोस – वाघोबा? तुमचा देव, हा वाघोबा?

अगं बाई. तुझा आजा सांगायचा? म्हणजे जामसरची माणसं चाळीस वर्षं रिकाम्या जागी नारळ फोडतायत, आणि हा इथे आमच्या मोरीत पालथा पडून! मामंजींना दिसला नसेल रे, खरंच दिसला नसेल, त्यांना बैलसुद्धा जवळ गेल्यावर दिसायचा. आणि मी? अनवाणी फिरले देव शोधत, आणि रोज सकाळी एकाच्या पाठीवर उभी राहून चूळ भरली. देवा, माफ कर रे बाबा. शेंदूर आणते. नाही, थांब, आधी पुसते याला, पदरानेच पुसते.

काय म्हणालास?

त्याने ढकललं? त्याच्या पाठीवर पाय दिला म्हणून तो कोपला, म्हणून कमू... असं होय. असं असेल? विहीणबाईंना हे लगेच पटेल. कमूलाही पटेल. दोन वर्षं ती पोर म्हणतेय, आई, माझंच चुकलं, मी अंधारात धांदरटासारखी गेले. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवते, म्हणते, जाऊ दे गं, होतं असं. एवढंच म्हणते. आता म्हणता येईल, तुझं नाही, कुणाचंच नाही, देवाचा कोप.

किती सोपं होईल रे.

पण चाळीस वर्षं या घरातली सगळी माणसं याच्यावर उभी राहिली, मामंजी नाचायचेसुद्धा गार पाण्याने; तेव्हा नाही तो कोपला? बघ ना तोंड त्याचं. हा कोपणारा वाघ दिसतो? नाही पुंजा. तेल मी सांडलं. राख मी टाकली नाही. ती आली की पहिल्या दिवशीच सांगणार आहे तिला, उंबऱ्यावरच, आत यायच्या आधी. मग आत यायचं की छकडा फिरवायचा, ते तिचं ती ठरवेल.

तू असं कर, गावात जाऊन चार माणसं आण, वाजतगाजत ने त्याला घरी. आणि येताना एक साधा दगड आण, दोन्ही बाजूंनी बघून. लाकूड मात्र आजच बसव – नाही, आज नको, उद्या ये. जा आता. जा म्हटलं ना. मला अंघोळ करायचीय.