मापानं बेतलेली मोटारसायकल

नणंद : नाही होत, वहिनी. माझी पोटरी आता माझी राहिलेली नाही.

वहिनी : सर बाजूला. मी मारते किक. तू मारतेस नाजूक, कुणाला दात बसवल्यासारखी.

नणंद : गाऊन आवर आधी. अडकेल.

वहिनी : आवरला. हे घे... अगं बाई, ही तर उलटी लाथ मारते.

नणंद : म्हणून म्हणते, पाय पूर्ण खाली जाऊ दे. अर्ध्यात सोडू नकोस.

वहिनी : तुझा दादा असाच आहे. एका हाकेत कधी उठलाय का? त्याचीच गाडी, वेगळी कशी निघेल.

नणंद : त्याची होती. आज सुरू झाली तर माझी, नाही झाली तर भंगाराची. सकाळी चहा पिताना बजावून गेलाय मला. मी कामावरून येईपर्यंत वाजती दिसली पाहिजे, नाहीतर येताना टेम्पो घेऊनच येतो म्हणाला.

वहिनी : बोलतो तो. बोलण्यानं काय होतंय.

नणंद : टेम्पोवाल्याला फोन माझ्यासमोर केला.

वहिनी : असं का. बरं मग, तुझी किक. मी जरा कंबर धरून उभी राहते.

नणंद : आणि तू गाडीकडे बघू नकोस. तू बघितलंस की मला हसू फुटतं, आणि हसू फुटलं की पायातला जोर जातो.

वहिनी : का नाही बघायचं? घरात एवढं देखणं दुसरं कोण आहे? ताडपत्रीखाली होती तेव्हा नुसती फुगलेली म्हैस. आता बघ कशी कंबर निघालीय. मागचं शेपूट कापलं, मडगार्ड छाटलं, हँडल खाली घेतलं, सीट एकटीपुरती. कॅफे रेसर म्हणे. मला आधी वाटलं होतं, कॅफेतून चहा पोचवायची गाडी असेल.

नणंद : तू तसं शेजारच्या काकूंना सांगितलंससुद्धा.

वहिनी : त्यांनी दोन कप सांगून ठेवलेत.

नणंद : वहिनी, हसवू नकोस म्हटलं ना.

वहिनी : आणि टाकी. टाकीत तोंड बघून कुंकू लावावं अशी चमकतेय. कवळ्या घासायची पेस्ट लोखंडाला चालते, हे तुझ्या त्या दातांच्या लॅबवाल्यांना तरी ठाऊक होतं का?

नणंद : तुझ्या सीटपुढे टाकी काहीच नाही. वेल्डिंगवाला अजून विचारतोय, त्या बाई कुठे शिकल्या म्हणून. पंचवीस वर्षांत त्याच्याकडे कुणी लोखंडाला पेपराचा खाका चिकटवून, खडूनं रेघा मारून आणलं नव्हतं.

वहिनी : मी माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. तुझा खांदा ते मनगट घेतलं, कंबर ते गुडघा घेतलं. अंगाबरोबर बसायला नको?

नणंद : आणि वर दोन बोटं माया सोडलीस.

वहिनी : सोडावीच लागते. उद्या तू सुटलीस तर?

नणंद : तो म्हणाला, ताई, लोखंड धुतल्यावर आटत नाही.

वहिनी : शहाणा आहे मेला. त्याच्या अंगातला शर्ट बघितलास? काखेत तीनदा उसवलाय. अगं, हसतेस काय, किक मार.

नणंद : मारते. हं. हं. हं... नाही, वहिनी. साधी खोकतसुद्धा नाही.

वहिनी : दमलीस. बस जरा त्या डब्यावर. हे काय, डोळ्यांना पाणी?

नणंद : पेट्रोलची वाफ गेली.

वहिनी : वाफ गेली म्हणे. मला शिकवतेस होय गं?

नणंद : खरं सांगू? लॅबमध्ये ते कवळ्या करणारं मशीन आलं आणि मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. वाटायचं, या हातांचा आता कुणाला काय उपयोग. या गाडीपायी उठायला लागले मी. ही टेम्पोत चढली ना, तर मी परत त्या पलंगावर. मला माझं माहितेय.

वहिनी : मलाही तुझं माहितेय. म्हणून तर हातातली शिवण टाकून इथे तेलात बसलेय. काकूंचे दोन ब्लाउज बाह्यांशिवाय लोंबतायत. आता वेळ घालवू नकोस, तपास सगळं पुन्हा. प्लग काढ.

नणंद : काढला. ओला आहे, काळा पडलाय. म्हणजे पेट्रोल पोचतंय. ठिणगीही पडतेय, ही बघ, निळी. पेट्रोल आहे, ठिणगी आहे. मग अडतंय कुठे?

वहिनी : दृष्ट लागली असेल.

नणंद : वहिनी, फाटक वाजलं.

वहिनी : प्लग लाव, दोन किका हाण. मी त्यांना दारात अडवते. अहो, आलात? आज लवकर सुटलात? डबा संपवला का?

दादा : संपवला. अडवू नकोस. टेम्पोवाला बाहेर उभा आहे, इंजिनही बंद केलेलं नाही त्यानं.

वहिनी : त्याचं चालू आहे तर त्याचंच दाखवा तिला.

दादा : ठमे, झाली का सुरू?

नणंद : नाही.

दादा : अरे वा. म्हणजे, सुरू झाली नाही ते वाईट झालं. पण दिसतेय... ही माझीच का?

वहिनी : तुमचीच. जरा बारीक केली. तुम्ही मनावर घेत नाही, तिनं घेतलं.

दादा : सीट कुणी शिवली?

वहिनी : अहो, घरात किती शिंपी आहेत?

दादा : चांगली झालीय. पण बोलणं म्हणजे बोलणं. कापलेली गाडी, खाली वाकून चालवायची, कुणी धडक दिली म्हणजे? मला तुझी काळजी वाटते ठमे, सरळ सांगतो. सुरू होणार नाही याची खात्री होती, म्हणूनच तशी अट घातली. चल, धर त्या बाजूनं. टेम्पोत चढवू.

नणंद : ने, दादा.

दादा : ने म्हणजे?

नणंद : ने म्हणजे ने. ठरलं होतं तसं.

वहिनी : अगं, भांड की. नुसती काय उभी राहतेस? लहानपणी याच्या हाताला चावायचीस म्हणे.

नणंद : कशाला भांडू. माझ्या हातून नाही झाली. दादा, तू भिंतीकडून धर, मी इकडून.

दादा : धरतो. सरक थोडी... हे काय? याला टोपडं कुणी घातलं?

नणंद : कशाला?

दादा : इथे, सीटच्या खाली. टोपडं आहे. नाडी बांधलेली.

वहिनी : टोपडं काय, खोळ आहे ती. सीटचं रेक्झिन उरलं होतं, वाया कशाला घालवायचं? दुपारी ही अंघोळीला गेली तेव्हा घातली. म्हटलं, गाडी सुरू झाली की दाखवू, खूश होईल.

नणंद : कशाची खोळ, वहिनी?

वहिनी : तो नाही का तू नवा बसवलेला, गोल, जाळीचा. उघडाच होता बिचारा. धूळ गेली असती.

नणंद : वहिनी, तो एअर फिल्टर आहे. इंजिन तिथून श्वास घेतं.

वहिनी : मग घेईल की. कापडाला भोकं असतात.

नणंद : रेक्झिनला?

वहिनी : रेक्झिनला नसतात, खरंय. पण आतून अस्तर आहे.

नणंद : अस्तर.

वहिनी : दुहेरी. कुठे टोचायला नको म्हणून.

दादा : मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, रिमोटला खोळ. माझ्या तोंडाला तेवढी शिवायची राहिलीय.

वहिनी : माप घेऊन ठेवलंय. अगं, हसतेस काय जमिनीवर बसून? ऊठ. अहो, तिला उठवा, तिचा श्वास अडकेल आता.

नणंद : दुहेरी अस्तर... दादा, वहिनीनं गाडीचं नाक दाबलं रे... आणि मी दुपारपासून लाथा घालतेय.

दादा : उठ, उठ. ती नाडी सोड आधी. गाठ मारलीय का सरफास आहे?

वहिनी : सरफास. धुवायला निघावी म्हणून.

नणंद : निघाली. प्लग पुसून लावते. दादा, टेम्पोवाल्याला सांग, एक मिनिट.

दादा : मारतेस का मी मारू?

नणंद : हात लावू नकोस. हं...

(एक फटका, मग दुसरा, आणि मग सलग घोगरा आवाज. काही वेळ कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.)

वहिनी : काय म्हणाली ती?

दादा : हेल्मेट मागतेय.

वहिनी : हे घे. आतून गादी बदललीय, कान दुखणार नाहीत. जरा हळू... अगं, मी आरती ओवाळू का आधी? गेली. अहो, फाटकाबाहेर गेली ती.

दादा : बघितलं मी.

वहिनी : टेम्पोवाल्याकडे बघून हात केला तिनं. बघितलंत?

दादा : हो. त्यानंही केला.

वहिनी : मला एक सांगा. तुम्ही त्या गाडीवर इतकी वर्षं काढलीत. खोळ बघितल्याबरोबर कळलंच असेल तुम्हाला, दम कुठे कोंडलाय ते.

दादा : कळलं.

वहिनी : मग गप्प बसायचं होतं. तुमच्या मनासारखं झालं असतं.

दादा : बसणारच होतो. पण ती ‘ने’ म्हणाली गं. ठमी माझ्याशी भांडली नाही. आई गेली तेव्हासुद्धा भांडली होती ती माझ्याशी, भाजी कुणी करायची यावरून. आज नुसती ‘ने’ म्हणाली, मग मला गप्प राहवेना.

वहिनी : मग तिची काळजी?

दादा : ती आहेच. आवाज ऐकतोय का मी उगाच? बघ, कोपऱ्यावर वळली. आता मोठ्या रस्त्याला लागली.

वहिनी : लागू दे.

दादा : आता येईनासा झाला आवाज. पेट्रोल किती आहे टाकीत?

वहिनी : एक बाटली ओतली होती. त्यातलं बरंचसं किका मारण्यातच उडालं.

दादा : अगं, मग परत कशी येणार ती?

वहिनी : फोन करेल. आपण दोघं जाऊ आणि ढकलत आणू.

दादा : बूट काढू का नको मग?

वहिनी : राहू द्या पायात.