कुमुदताईंचा श्वास आणि रावांची तिजोरी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. जपणं म्हणजे काय हो? एखादी गोष्ट आपल्याला जीव की प्राण असते – ती जपायची म्हणजे कोंडून ठेवायची, का हाताशी ठेवायची? सांगा! ... मागच्या मावशींनी पर्स छातीशी घट्ट धरली बघा! मावशी, सैल सोडा – मी कीर्तनकार आहे!

तर ऐका. अच्युतराव खानविलकर म्हणून एक गृहस्थ. कऱ्हाडकडचे. जन्म गेला साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये. नट असो, बोल्ट असो, झाडू असो – सगळं कुलपात! कमरेला किल्ल्यांचा जुडगा. राव चालायला लागले की वाटायचं, बैलजोडीच येतेय!

निवृत्त झाले. बायको कुमुदताई म्हणाल्या, "अहो, संसारभर मळीचा वास घेतला. दम्यानं छाती भरून जाते. एकदा समुद्राचा वारा घेऊ दे ना मला."

आता राव कुलूपवाले असले तरी मनानं लोणी हो! लगेच एक जुनी मिनीबस आणली. सीटा काढल्या, पलंग बसवला, ओटा केला, गॅस आला. चालतं घर! गल्लीतली पोरं गाडीमागं धावायला लागली. पण रावांनी खरा जीव लावला तो दोन वस्तूंवर. एक टीव्ही – असा रुंद, की तो लावायला खिडकीच झाकावी लागली!

कुमुदताई म्हणाल्या, "अहो, समुद्र बघायला निघालोय ना आपण?"

"अगं, टीव्हीवर समुद्रसुद्धा दिसतो!"

घ्या!

आणि दुसरी वस्तू – तिजोरी! पलंगाखाली, जमिनीला बोल्ट मारून. साधी नाही. बटणं दाबायची, नंबर टाकायचा, टुक्‌ करून उघडणार. टीव्ही, तिजोरी आणि गाडी – तिघांना बॅटरी एकच.

"बॅटरी बसली तर हो?" – कुमुदताई.

"तर ही जादा किल्ली आहे की!"

"मग ती कुठं ठेवलीत?"

"सुरक्षित ठिकाणी," राव म्हणाले. "तिजोरीत!"

हसताय? हसा, हसा! घरी जाऊन आपली जादा किल्ली कुठं आहे ते बघा, मग हसा!

तिजोरीत काय ठेवलं? कुमुदताईंचं गंठण, गाडीची कागदपत्रं आणि ... त्यांचा दम्याचा पंप. तोंडात धरून ओढायचा तो.

"अहो, तो माझ्या पिशवीत असू द्या ना!"

राव पंप छातीशी धरून म्हणाले, "कुमुद, सोनं गेलं तर परत करता येतं. तुझा श्वास म्हणजे माझी सगळ्यांत मोलाची वस्तू. ती मी बाहेर ठेवू?"

बघा मंडळी, प्रेम खरंच होतं! खोटं असतं तर गोष्ट सोपी होती.

निघाले. आंबा घाटात पोचतात तर पुढं एक कंटेनर वळणावर आडवा! गाड्यांची ही रांग. जेसीबी आला, दरड खोदून वाट रुंद करतोय, धुळीचे लोट. आणि त्याच दिवशी भारताची मॅच! राव खूश. पडदे ओढले, दाराला कडी घातली, टीव्ही लावला.

रावांच्या मागं लग्नाला निघालेल्या बँडचा टेंपो. लाल कोट, तुरेवाल्या टोप्या. त्यांचे पुढारी दिलावर मास्तर, क्लॅरिनेट वाजवणारे. दारावर टकटक.

"ओ काका! तुमच्यात टीव्ही हाय न्हवं? दाराशी उभं राहून बघतो की जरा मॅच!"

राव आतल्या आत हादरले. एवढी माणसं! तिजोरी! बायकोचं गंठण! आतूनच म्हणाले, "टीव्ही बिघडलाय हो!"

"बरं बरं, ऱ्हाऊ दे," म्हणून मास्तर परतले.

कुमुदताईंनी रावांकडं नुसतं बघितलं. लग्न झालेल्या पुरुषांना ते बघणं माहीत आहे! राव म्हणाले, "तुझ्यासाठीच गं." आणि आवाज बारीक केला.

आता गाडी बंद. टीव्ही चालू, पंखा चालू. बॅटरी बिचारी किती पुरणार? एक फलंदाज धावायला निघाला आणि ... फट्‌! काळोख. पंखा थांबला. उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून कुमुदताईंनी दार उघडलं – तसा धुळीचा लोट आत! खोकला. मग शिट्टीसारखा श्वास. मग श्वासच पुरेना!

"पंप ..." एवढंच म्हणाल्या.

राव पलंगाखाली शिरले. बटण दाबलं – काही नाही. परत दाबलं – काही नाही! स्टार्टर मारला – गाडी मेलेली. स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला गेले. पण तिजोरी बसवली कुणी होती? अच्युतरावांनी! ती कशी हलेल? मंडळी, ज्या दारात चोर येऊ नये म्हणून हा माणूस झटला, त्या दारापुढं तो स्वतःच ढसाढसा रडत बसला. आणि इकडं कुमुदताईंचे ओठ काळेनिळे पडायला लागले.

मग राव उठले. धावत टेंपोपाशी गेले. हात जोडले.

"मास्तर ... माझी बायको ... बॅटरी ..."

मास्तरांनी काही विचारलं? "मघाशी काय म्हणालात?" असं म्हणाले? नाही! ओरडले, "टेंपो म्होरं घे रे! वायरी काढ!" वरातीच्या दिव्यांसाठी त्यांच्याकडं जाडजूड बॅटरी. चौघांनी कुमुदताईंना अलगद उचलून धूळ नव्हती त्या बाजूला सावलीत बसवलं. तुरेवाल्या टोप्यांनी वारा घालतायत. मास्तर म्हणतात, "काकी, घाबरू नका, आलोच बघा!"

वायरी जोडल्या. तिजोरीवर हिरवा दिवा लागला! रावांनी नंबर टाकला – चूक! परत टाकला – चूक! नंबर काय होता सांगू? लग्नाची तारीख! ... पुरुष मंडळी, माना खाली घालू नका, सगळ्यांचं तेच आहे!

"कुमुद, तारीख गं!" राव दारातून ओरडले.

आणि त्या माउलीनं, छातीत श्वास नाही, तोंडातून शब्द नाही – बोटं वर करून तारीख दाखवली!

टुक्‌! पंप हातात. एकदा ओढला. पुन्हा ओढला. हळूहळू शिट्टी विरली, ओठांवर रंग आला. आणि पहिलं वाक्य काय? "अहो, दर वर्षी विसरता. निदान आज तरी ..."

सगळा घाट हसला हो!

राव मास्तरांपुढं उभे राहिले. "मास्तर, मी खोटं बोललो. टीव्ही बिघडला नव्हता."

"म्हाईत हाय, काका," मास्तर शांतपणे म्हणाले. "विकेट पडली तवा तुम्ही आतनं 'अरे गाढवा' म्हणालासा. बिघडलेल्या टीव्हीला कोण शिव्या देतंय?"

"मग तरी धावून आलात?"

"मॅचसाठी न्हाई आलो. काकींसाठी आलो."

रावांनी स्क्रू काढले, टीव्ही उतरवला आणि गाडीच्या दारात, रस्त्याकडं तोंड करून ठेवला. वायरी होत्याच. एसटीतली माणसं आली, ट्रकवाले आले, जेसीबीवालासुद्धा मधूनच डोकावून गेला. प्रत्येक चौकाराला ढोल, प्रत्येक षटकाराला क्लॅरिनेट! कुमुदताई चहा गाळतायत, राव कप नेऊन देतायत, तिजोरीचं दार सताड उघडं – आणि तिकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही! वाट मोकळी झाली तेव्हा पंप कुमुदताईंच्या पिशवीत होता आणि राव बँडबरोबर वरातीला यायचं आमंत्रण घेऊन बसले होते.

मंडळी, राव वाईट होते का? नाही हो! फार प्रेमळ होते. पण ज्याच्यासाठी जपलं, त्यालाच विचारायचं राहून गेलं! आपलंही तसंच ना? आजोबा पडतील म्हणून काठी काढून घेतो आणि खुर्चीत बसवून ठेवतो. सून दमेल म्हणतो आणि तिची नोकरी सोडवतो. सगळं प्रेमानं! देवाला तरी सोडतो का? तोही आपला गजाआड!

तेव्हा आज मी काही गाऊन संपवणार नाही. आत्ता, इथंच, शेजारी बसलेल्या आपल्या माणसाकडं वळा आणि विचारा – "तुला काय हाताशी हवंय?" विचारा! लाजू नका! ... हं, ते बघा, डाव्या बाजूच्या आजी काहीतरी सांगतायत. सांगू द्या, मधे बोलू नका, नुसतं ऐका. टाळ जरा थांबवा रे, माणसं बोलतायत. चालू द्या तुमचं. जयजयकार सावकाश करू – देवाला कुठं घाई आहे!