द्वारकाबाईंनी चालवलेली चौकशी

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या! लेकरू दुखणं घेऊनच जन्माला आलं, तर गुन्हेगार कोण? — गप्प झालात! पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी उभं राहिलं की नाही? राहिलंच!

आता ऐका. आंबेरी गावच्या द्वारकाबाई. संशय असा जबर, की दुधावर साय धरली तरी विचारणार — ही आली कुठून? यांना नातू झाला. झाला तो निळाच! श्वास घेता येईना. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा एका बाजूनं जुळलाच नव्हता. आतडी चढली छातीत, फुप्फुस राहिलं चिमणीएवढं! शहराच्या इस्पितळात डॉक्टरांनी आतडी खाली घेतली, भोक शिवलं. लेकरू काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात.

आणि द्वारकाबाई? बाहेर बाकावर बसून तपासाला लागल्या! सून वैजयंता ब्लाउज शिवायची. सातव्या महिन्यात सूर्यग्रहण आलं होतं. झालं!

"वैजू, ग्रहणात कात्री धरलीस ना?"

"नाही हो, आत्या."

"मग त्या दिवशी मशीनखाली चिंध्या कसल्या होत्या?"

"आदल्या दिवशीच्या."

"आदल्या दिवशीच्या! रंग तर ताजा होता!"

चिंधीला ताजा रंग! हसू नका, अहो, आपण याहून हलके पुरावे चालवून घेतो. तीन आठवडे हेच. चहा देताना तेच, वेणी घालताना तेच. मुलगा अच्युत मधे पडला, तर त्यालाच — "तू घरी होतास कुठे?"

एके दिवशी वैजू म्हणाली, "असेल कापलं. मीच केलं." आणि दूध काढून द्यायचं तिनं बंद केलं! लेकराला कुठे आता नळीतून चमचा-चमचा दूध सुरू झालेलं, आणि आई म्हणते — "माझं नको त्याला. बाधेल."

एक दिवस गेला. दुसरा उजाडला. नर्स रिकामी वाटी घेऊन परत गेली. तेवढ्यात डॉक्टर तांबोळीबाईंनी सगळ्यांना वैजूच्या खाटेपाशी बोलावलं.

"आजी, पडदा तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतो. ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"...सातव्या."

"मग? अहो, शरीर कसं घडवायचं हे पेशीत लिहिलेलं असतं. त्यातलं एक अक्षर बाळात बदललंय. दोघांचं रक्त तपासलं. आईत तो बदल नाही, बापात नाही. बाळातच पहिल्यांदा झाला. कित्येक बाळांत तर कारण सापडतही नाही."

"पण केला कुणी?"

"कुणीच नाही."

"असं कसं, बाई? घरात बशी फुटली तरी कुणीतरी फोडलेली असते!"

वैजू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कागदावर काहीही लिहितात. आत्या म्हणाल्या ना, मी कापलं."

ऐकलंत? तीन आठवड्यांचं पेरलेलं उगवलं! आता डॉक्टरांचा शब्द चालेना. चालणार तो एकाच बाईचा!

द्वारकाबाई उठल्या. सुनेच्या खाटेवर बसल्या.

"वैजू, तू नाही कापलंस. ग्रहण सुटेपर्यंत मी तुझ्यासमोर माळ घेऊन बसले होते. डोळासुद्धा मिटला नाही. मला ठाऊक होतं."

वैजू वळली. "ठाऊक होतं? मग रोज का विचारत होतात?"

"तुझं नाव घेतलं की मला धीर यायचा गं! कुणीच केलं नाही म्हटलं, तर उरतो एकटा देव. त्याच्याशी भांडायची माझी छाती नव्हती. तू जवळ होतीस, गरीब होतीस..."

माफ केलं असं वैजू म्हणाली नाही — खोटं कशाला सांगू? एवढंच म्हणाली, "वाटी आणा. आणि तुम्ही बाहेर बसा."

द्वारकाबाई वाटी देऊन बाहेर बसल्या. पहिल्यांदाच — काही न विचारता!

अहो, तिसऱ्या रांगेतल्या मावशी, मान का खाली गेली? मी गोष्ट आंबेरीची सांगतोय! आजारी लेकराच्या आईला भेटायला जाल, तेव्हा "तू तेव्हा काय केलं होतंस" हे चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवा. फारच जाब विचारावासा वाटला, तर इथे या, या गाभाऱ्यापुढे उभं राहून ओरडा. हा ऐकून घेतो. ओल्या बाळंतिणीला ते सोसत नाही!